खाडीकाठच्या जुन्या लाकडी होड्या कशा पाहाव्यात: तिथीपासून टिपणवहीपर्यंत

कोकणातल्या नद्यांच्या मुखाशी नांगरलेल्या जुन्या लाकडी होड्या पाहण्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करून जाणारे लोक आता बरेच आहेत. त्यातले बहुतेक जण जेवण आटोपून दुपारी जेट्टीवर पोहोचतात, भरल्या पाण्यावर डुलणाऱ्या रंगीत होड्यांची छायाचित्रे काढतात आणि परततात. त्यांनी पाहिलेला असतो तो होडीचा रंग, तिच्यावरचे झेंडे आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेले नाव. तिची बांधणी, फळ्यांचे सांधे, दुरुस्तीच्या खुणा, शिडाची होडी इंजिनावर आणताना केलेले फेरफार हे सारे त्या वेळी पाण्याखाली असते. होडी सुकतीला, म्हणजे ओहोटीचे पाणी पुरते उतरल्यावर, पाहायची असते. म्हणून सगळी तयारी पाण्याच्या वेळेपासून सुरू करावी आणि रजेचा दिवस, मुक्काम, गाडी या गोष्टी त्यानंतर ठरवाव्यात. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि तो क्रम बदलू नये.

टप्पा १ : आधी तिथी, मग तारीख

किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा येतात, आणि प्रत्यक्षात भरती अकरा ते बाराच्या दरम्यान असते. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजायचे. एका पूर्ण भरतीपासून पुढच्या पूर्ण भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीच्या वेळेच्या सव्वासहा तास अलीकडे किंवा पलीकडे पूर्ण सुकती येते.

येथे पहिली मोठी चूक होते. पंचांग पाहणाऱ्याला अष्टमीला सुकती दुपारी बाराच्या सुमारास असल्याचे दिसते, ऊन भरपूर आणि वेळही सोयीची वाटते, म्हणून तो अष्टमी ठरवतो. परंतु सप्तमी ते नवमी हे भांगाचे दिवस असतात. त्या दिवसांत पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही, त्यामुळे होडीचा तळ झाकलेलाच राहतो. दुसऱ्या टोकाला पौर्णिमा आणि अमावास्या धरली तर उधाणामुळे पाणी खूप मागे जाते खरे, पण पूर्ण सुकती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास येते, म्हणजे प्रकाश अपुरा असतो. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस टिकून असतो आणि सुकती रोज पाऊण तासाने पुढे सरकते. या दोन्ही गोष्टी जमेस धरल्या तर द्वितीया ते चतुर्थी हे दिवस सर्वांत चांगले ठरतात, कारण तेव्हा सुकती सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते, पाणी पुरेसे मागे गेलेले असते आणि तिरपे ऊन फळ्यांवरचा प्रत्येक उंचवटा दाखवते.

तपासणी: तिथीचा हिशेब मुंबईच्या जवळपास बरा जुळतो, पण दक्षिणेकडे भरती मुंबईच्या आधी येते आणि खाडीत आत गेल्यावर ती मुखापेक्षा उशिरा पोहोचते. म्हणून जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता अवश्य पाहावा आणि त्यात केवळ वेळ पाहून थांबू नये, मीटरमधली उंचीही पाहावी. एकाच दिवसातल्या दोन सुकत्या सारख्या खोल नसतात. मुंबईकडे उधाणाला चढ-उताराचा फरक चार मीटरांच्या पुढे जातो, तर गोव्याकडे तो दोन मीटरांच्या आसपासच राहतो. हे ठाऊक नसेल तर मांडवीकाठी उभे राहून मुंबईइतके पाणी हटण्याची वाट पाहिली जाते.

टप्पा २ : हंगाम आणि जागा

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळात होड्या ओढून वर घेतल्या जातात आणि झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारल्या जातात. शाकारलेली होडी चिखलात न उतरता पाहता येते, पण तिचा वरचा भाग झाकलेला असतो आणि पावसात छायाचित्रही नीट निघत नाही. तीन काळ अधिक उपयोगाचे आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात होड्या वर ओढण्याआधीची साफसफाई चालू असते. नारळी पौर्णिमेच्या आधीच्या दिवसांत सुतारकाम आणि रंगकाम चालते, आणि पाऊस उघडला तर होडीचा तळ या दिवसांइतका मोकळा क्वचितच मिळतो. शिमग्याला बाहेर गेलेल्या होड्या घरी परततात, त्यामुळे एकाच काठावर बरेच नमुने एकत्र सापडतात. फाल्गुन पौर्णिमेनंतरची कृष्ण तृतीया हा दिवस टप्पा १ मधल्या हिशेबातही बसतो, म्हणून वर्षातून एकदाच जाणे शक्य असेल तर तो निवडावा.

जागा निवडताना एकच खाडी निवडावी आणि तिचे दोन्ही काठ पाहावेत. वाशिष्ठीच्या मुखाशी दापोली तालुक्यातले दाभोळ आणि पलीकडे गुहागर तालुक्यातले धोपावे यांच्यामध्ये वाहने नेणारी फेरीबोट आहे. त्यामुळे एका सुकतीत दोन्ही काठ साधता येतात आणि फेरीतून मधल्या पात्रात नांगरलेल्या होड्याही बाजूने दिसतात. शास्त्री नदीवर जयगड आणि तवसाळ, सावित्रीवर बाणकोटजवळचे वेसवी आणि बागमांडला या जोड्याही अशाच सोयीच्या आहेत. उलांडीच्या, म्हणजे तोल राखण्यासाठी एका बाजूला ओंडका बांधलेल्या, होड्या पाहायच्या असतील तर सिंधुदुर्गात कर्लीच्या मुखाशी देवबागकडे जावे. गोव्यात मांडवीवर दिवाडी आणि चोडणच्या फेरीबोटी आणि खनिज वाहणारे बार्ज दिसतात, परंतु ते बहुतांशी लोखंडाचे असल्याने या लेखात त्यांचा विचार केलेला नाही.

सावधान: वाशिष्ठीत चिपळूण-गोवळकोटच्या बाजूला मगरी आहेत. त्या भागात चिखलात उतरू नये आणि काठावरूनच पाहावे.

टप्पा ३ : सोबत काय घ्यावे

पायात नाडीने घट्ट बांधता येणारे जुने कॅनव्हासचे बूट असावेत. चप्पल चिखल ओढून घेतो. गमबूट तर त्याहून वाईट, कारण ते रुतले की पाय बाहेर येतो आणि बूट आतच राहतो. अनवाणी उतरण्याचा मोह टाळावा, कारण खडकांना आणि लाकडांना चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. छातीएवढ्या उंचीची काठी घ्यावी आणि प्रत्येक पाऊल टाकण्याआधी तिने चिखलाची खोली पाहावी. याखेरीज विजेरी, शिंप्याकडची मोजपट्टी, पेन्सिल, जाड पुठ्ठ्याची वही आणि पिण्याचे पाणी पुरे. पेनाऐवजी पेन्सिल अशासाठी की ओल्या कागदावरही तिचे अक्षर पुसट होत नाही. ड्रोन नेऊ नये. किनाऱ्यावर सुरक्षेचे निर्बंध आहेत आणि दाभोळसमोर अंजनवेलच्या बाजूला वायू-वीज प्रकल्प आहे.

टप्पा ४ : परवानगी, आणि ती कोणाकडे मागायची

काठावर टेकलेली होडी बेवारस दिसली तरी ती कोणाची तरी असतेच. परवानगी जेट्टीवर पहिल्यांदा भेटेल त्याच्याकडे न मागता नाखव्याकडे, म्हणजे होडीच्या मालकाकडे, मागावी, आणि नाखवा नसेल तर होडी चालवणाऱ्या तांडेलाकडे. जाळी विणत बसलेल्या वयस्कर माणसाला “काका, ही होडी कुणाची? जरा जवळून पाहिली तर चालेल का?” एवढे विचारले तरी पुरते. दाभोळ-जयगड भागात दालदी मुस्लिम नाखवेही आहेत. तेथे शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ असते हे लक्षात ठेवून काम आधीच आटोपावे.

परवानगी पाहण्याची मिळाली म्हणजे चढण्याची मिळाली असे नाही. चढायला सांगितले तर पादत्राणे खाली काढून चढावे, कारण होडीची पूजा होते आणि तिच्यावर चप्पल घालून वावरणे अपमानाचे मानले जाते. नाळेवर हार किंवा कुंकू असेल तर तेथे पाय किंवा सामान ठेवू नये. “ही किती जुनी?” हा पहिला प्रश्न नसावा, कारण त्याचे उत्तर बहुधा अंदाजाने मिळते. त्याऐवजी “ही कुठे बांधली?” आणि “इंजिन कधी बसवले?” असे विचारावे, म्हणजे होडीची हकीगत आपोआप निघते.

तपासणी: निघण्याआधी त्याच माणसाला “पाणी पुरं कधी सुकतं?” असे विचारून आपला हिशेब पडताळावा. दोन्हींत अर्ध्या तासाहून अधिक फरक पडला तर त्याचे म्हणणे खरे मानावे.

टप्पा ५ : दुरून पाहणे

पूर्ण सुकतीच्या दीड तास आधी पोहोचावे आणि पाणी उतरत असताना काठावरून आकार पाहावेत. बहुतेकांना थेट होडीजवळ जाण्याची घाई होते आणि मग संपूर्ण आकृती नजरेत येतच नाही. पूर्ण बाजू दिसेल अशी एक जागा शोधून तेथे काही वेळ थांबावे आणि तीन गोष्टी नोंदवाव्यात: नाळ किती पुढे झुकली आहे, होडीच्या वरच्या काठाची रेषा पुढून मागे कशी वळते आणि मागचा भाग निमुळता आहे की फळी मारून चौकोनी केला आहे.

या तीन खुणांवरून प्रकार बराचसा कळतो. मचव्याची नाळ लांब आणि पुढे झेपावलेली असते. डोलकाठी शिल्लक असेल तर ती सरळ उभी नसून पुढे कललेली असते, आणि तिच्यावर तिरपे परबाण (शीड बांधायचा आडवा वासा) चढवून त्रिकोणी शीड लावले जाई. पडाव माल वाहण्यासाठी असल्याने त्याचा तळ रुंद आणि पोट मोकळे असते. एका खोडातून कोरलेल्या डोणीला काठाकाठाने फळ्यांचे सांधे नसतात, फार तर वर एखादी फळी वाढवलेली असते. उलांडीची होडी एका बाजूला दोन वाकड्या लाकडांनी बांधलेल्या ओंडक्यावरून लगेच ओळखू येते. हातपाटीने वाळू काढणाऱ्यांच्या लाकडी होड्याही खाडीत असतात. त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, पण साधी, जड आणि वारंवार ठिगळलेली बांधणी पाहायची तर त्यांच्याइतका चांगला नमुना नाही.

नाळेच्या बाजूला रंगवलेला नोंदणी क्रमांक येथेच वाचून घ्यावा. ‘आयएनडी’ नंतरची अक्षरे राज्य सांगतात, ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र आणि ‘जीए’ म्हणजे गोवा. पुढच्या अक्षरांत ‘एमएम’ असेल तर ती यांत्रिक नौका होय. क्रमांकावरून होडीचे वय ठरवू नये, कारण जुन्या होड्यांना नव्या पद्धतीचे क्रमांक नंतर मिळाले आहेत.

टप्पा ६ : जवळून पाहणे

चिखलात उतरताना दोन होड्यांच्या मधून न जाता मोकळ्या बाजूने जावे. सुकतीला होडी एका कुशीवर कलते किंवा लाकडी टेकूंवर उभी असते. कललेल्या बाजूखाली उभे राहू नये आणि टेकूला हात लावू नये. जमिनीवर सैल पडलेले दोर पाणी चढताच ताणले जातात, म्हणून त्यांच्या वेटोळ्यात पाय ठेवू नये.

पाहण्याची दिशा खालून वर आणि पुढून मागे अशी ठेवावी. तळातल्या कण्यापासून सुरुवात करावी. तो एकसंध आहे की मध्ये तिरपा सांधा देऊन जोडलेला आहे, हे विजेरीच्या प्रकाशात दिसते. तेथून वर येत फळ्यांच्या फटी पाहाव्यात. फटींत कापूस किंवा काथ्या ठासून वरून राळ-तेलाचे लुकण भरलेले असते. जुने लुकण काळपट आणि तडकलेले दिसते, यंदाचे मऊ आणि चकाकणारे असते. एकाच होडीवर दोन्ही आढळली तर दुरुस्ती कुठे झाली हे कोणाला न विचारताही कळते.

मग खिळे पाहावेत. लोखंडी खिळ्याखाली गंजाचा तांबूस ओघळ उतरलेला असतो आणि हे ओघळ उभ्या रांगांत असतात. प्रत्येक रांग म्हणजे आतली एक बरगडी. दोन रांगांतले अंतर मोजपट्टीने मोजावे. ते एखाद्या जागी अचानक कमी झाले असेल तर तेथे मागाहून जादा बरगडी घातलेली असण्याचा संभव अधिक असतो. फळ्या खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने शिवलेल्या दिसल्या तर तो भाग सावकाश पाहावा, कारण अशी बांधणी आता दुर्मिळ आहे. दक्षिण कोकण आणि गोव्यातल्या रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) मोठ्या होड्या पूर्वी अशा शिवल्या जात. टाके फळीच्या दोन्ही कडांतल्या छिद्रांतून जातात आणि आतल्या अंगाला टाक्यांखाली काथ्याची जाड वळी दाबलेली असते. बाहेरून केवळ छिद्रांची रांग दिसते, त्यामुळे घाईत हे नजरेतून निसटते. या पद्धतीची नवी मोठी नौका पाहायची इच्छा असेल तर दिवाडीत बांधली गेलेली आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ हे उदाहरण आहे.

पाणरेषेखालच्या लाकडात बारीक गोल छिद्रे दिसली तर तो लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्याचा उपद्रव असतो. हा किडा खाऱ्या पाण्यात वाढतो आणि गोड्या पाण्यात टिकत नाही, म्हणून नदीच्या आतल्या भागात ठेवलेल्या होडीचा तळ मुखाशी ठेवलेल्या होडीपेक्षा बहुधा बरा असतो. छिद्रात काडी घालून खोली पाहण्याचा उद्योग कोणी करू नये. ती परक्याच्या मालकीची वस्तू आहे आणि कमकुवत लाकूड तेवढ्यानेही ढासळते.

मागच्या भागात इंजिनाची हकीगत असते. शिडासाठी बांधलेल्या होडीत नंतर इंजिन बसवताना सुकाणूच्या पुढे पंख्यासाठी जागा कापावी लागते. तो काप मूळ रेषेशी विसंगत दिसतो आणि त्याच्या भोवती वेगळ्या रंगाचे लाकूड जोडलेले असते. बाजूला धूर आणि थंडाव्याचे पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीचे भोक असते. चढण्याची परवानगी मिळाली असेल तर आत मधल्या भागात डोलकाठीची रिकामी बैठक शोधावी. ती सापडली की होडी मुळात शिडाची होती असे खात्रीने म्हणता येते. या एका तपासासाठी मी बाकीचे दोन सोडायला तयार होईन.

सर्वांत अधिक होणारी चूक म्हणजे फायबरच्या होडीला लाकडी समजणे, आणि त्याच्या उलट, फायबरचे आवरण चढवलेल्या जुन्या लाकडी होडीला नवी समजून पुढे जाणे. फायबरचा साचा गुळगुळीत असतो, त्यावर फळ्यांच्या रेषा नसतात आणि मोडलेल्या कडेला काचतंतूंचे धागे दिसतात. आवरण चढवलेल्या लाकडी होडीवर तिरप्या उन्हात आतल्या फळ्यांच्या रेषा पुसट उमटलेल्या दिसतात. सकाळची सुकती निवडण्याचे हेही एक कारण आहे.

सावधान: पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर जोराने वर ओढू नये. मागे रेलून बसावे, वजन पसरू द्यावे आणि टाच हळूहळू हलवत पाय सोडवावा. एकट्याने चिखलात उतरूच नये.

टप्पा ७ : वेळेवर बाहेर पडणे

पूर्ण सुकतीनंतरचा पहिला तास पाणी जवळजवळ स्थिर वाटते आणि त्यामुळे माणूस गाफील राहतो. सहा तासांच्या चढत्या पाण्यातला अर्धा भाग मधल्या दोन तासांत, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासात चढतो. खाडीत पाणी समोरूनच येते असेही नाही, ते मागच्या ओघळांतून आधी शिरते आणि परतीची वाट तोडते. म्हणून पूर्ण सुकतीनंतर पाऊण तासात चिखलाबाहेर यावे, मग निरीक्षण कितीही अपुरे राहिलेले असो. बाहेर आल्यावर मात्र लगेच निघू नये. तीच होडी पाण्यावर उचलली जाताना काठावरून पाहावी. कुठली बाजू आधी उठते, सरळ झाल्यावर ती कोणत्या अंगाला किंचित झुकलेली राहते आणि रंगवलेली पाणरेषा प्रत्यक्ष पाण्याशी जुळते का, हे तेव्हाच दिसते. बराच काळ उन्हात राहिलेली लाकडी होडी सुरुवातीला थोडे पाणी घेते आणि फळ्या फुगल्या की गळती कमी होते. हे पाहून गडबडून आरडाओरडा करू नये. नाखव्याला ते ठाऊक असते.

टप्पा ८ : टिपण

टिपण त्याच दिवशी लिहावे. तारखेबरोबर तिथी, सुकतीची वेळ, काठाचे नाव, नोंदणी क्रमांक, नाळ आणि मागच्या भागाचे कच्चे रेखाटन, खिळ्यांच्या रांगांतले अंतर आणि नाखव्याने सांगितलेली माहिती अशा क्रमाने लिहिले की नंतर दोन होड्यांची तुलना करता येते. पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावे. छायाचित्रांत किमान एक पूर्ण बाजूचे, एक समोरून नाळेचे, एक मागून सुकाणूचे आणि मोजपट्टी धरून सांध्याचे असावे. माणसांची छायाचित्रे विचारून काढावीत आणि काढली तर छापून पाठवावीत, म्हणजे पुढच्या खेपेला ओळख सांगावी लागत नाही.

दुसऱ्यांदा जायचे असेल तर साधारण पंधरा दिवसांनी, म्हणजे पुढच्या पक्षातल्या त्याच तिथीला जावे. तेव्हा सुकती पुन्हा जवळपास त्याच वेळेला येते, ऊनही त्याच बाजूने पडते आणि पहिल्या खेपेची छायाचित्रे समोर ठेवून राहिलेल्या जागा थेट तपासता येतात.